दुसरा कप

मावशीकडे आता चहा फुलपात्रातून मिळतो. तिला स्वतःला, मला, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना. स्टीलचं फुलपात्र, रुमालात धरून उचलायचं नाहीतर बोटं पोळतात. माझ्या लहानपणी असं नव्हतं. पांढरे चिनी मातीचे कप होते, काठाखाली निळी बारीक वेल, आणि तसल्याच बशा. ते कप मावशीने माझ्यामुळे माळ्यावर टाकले आणि हे मला कळायला मध्ये कितीतरी वर्षं गेली.

झालं असं की २००९ साली मी एक कथा लिहिली आणि ती एका दिवाळी अंकात छापून आली. कथेतली बाई रोज संध्याकाळी पाच वाजता दोन कप चहा करते. एक स्वतःपुढे ठेवते आणि दुसरा खिडकीतल्या खुर्चीजवळ, स्टुलावर. नवरा मस्कतला नोकरीला गेलेला, दोन वर्षं पत्रं येत होती, पैसे येत होते, मग पैसे थांबले, मग पत्रं थांबली. बाई कोणाला काही विचारत नाही. कप ठेवते. चहा गार होतो, साय धरते, दिवेलागणीला ती तो मोरीत ओतते आणि कप विसळून पालथा घालते. एवढीच कथा. नावं बदललेली, गाव बदललेलं, मावशीला मुलगा नव्हता तर कथेत एक मुलगा घातलेला. मला वाटलं झालं, ओळखायला काही ठेवलं नाही.

लोकांना ती फार आवडली. पत्रं आली, फोन आले, एक वाचक फोनवर रडल्या आणि मला त्याचा आनंद झाला, हे मी खरं ते सांगतेय. घरात पण अंक फिरला. मामींनी झेरॉक्स काढून माहेरी पाठवली. आणि ओळखायला सगळंच होतं ना. मस्कत होतं, खिडकी होती, मुख्य म्हणजे तो कप होता. आई एवढंच म्हणाली की तिला आधी दाखवायचं होतंस. मावशी काहीच बोलली नाही. मी विचारलं, वाचलंस का, तर म्हणाली, वाचलं, छान लिहितेस, अक्षर पण किती बारीक असतं गं त्या अंकात. मी ते कौतुक समजून घेतलं आणि पुढच्या कथेला लागले.

पुढे काय झालं ते मला मामेबहिणीकडून कळलं, तेही बोलता बोलता. एका मुंजीत, पंगतीत वाढता वाढता कोणीतरी मावशीला विचारलं, काय हो, दुसरा कप अजून ठेवता का. वाईट मनाने विचारलं नसणार, आपल्याकडे असं विचारतात लोक, दुःखाची चौकशी करणं म्हणजे आपुलकी असं मानतात. मग घरी येणारे लोक आधी खिडकीकडे बघायला लागले. शेजारच्या सूनबाई पाच वाजता मुद्दाम यायच्या म्हणे. आणि एक दिवस मावशीने सहाच्या सहा कप वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले आणि फुलपात्रं काढली.

मी ऐकून गप्प झाले. मी त्या बाईच्या घरातून एक वस्तू उचलली होती, आणि वस्तू घरातच असूनही तिला ती परत वापरता येईना. चोरीत असं होत नाही. चोरीत निदान वस्तू जाते तरी.

हे सगळं डोक्यात घोळत होतं तेव्हाच, २०१६ च्या पावसाळ्यात, अब्बास किआरोस्तामी गेल्याची बातमी आली. इराणचा मोठा दिग्दर्शक, ४ जुलैला पॅरिसमध्ये गेला. त्याच आठवड्यात एका मैत्रिणीच्या घरी, तिच्या लॅपटॉपवर, आम्ही त्याचा क्लोज-अप हा सिनेमा पाहिला, १९९० चा. तिने आधी पाहिलेला होता, मी पहिल्यांदा बघत होते. संपल्यावर ती चहा टाकायला उठली आणि मी तशीच बसून राहिले, कारण मला वाटत होतं की मी जे केलं त्याच्याबद्दल कोणीतरी आधीच, फार आधी, सगळा विचार करून ठेवलाय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही खरी घडलेली गोष्ट आहे. तेहरानमध्ये होसैन सब्झियान नावाचा एक माणूस होता, छापखान्यात काम केलेला, तेव्हा बेकार, बायकोने सोडलेला, सिनेमाचं प्रचंड वेड. एकदा बसमध्ये तो मोहसेन मखमलबाफ या दिग्दर्शकाच्या सायकलस्वार नावाच्या सिनेमाची छापील पटकथा वाचत बसला होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, हे पुस्तक कुठे मिळालं. आणि हा म्हणाला, मीच लिहिलंय. मीच मखमलबाफ. तिथून ते सगळं सुरू झालं. त्या आहनखाह घराण्यातल्या बाई, चांगल्या घरातल्या, मुलांना सिनेमात रस. हा त्यांच्या घरी जायला लागला, जेवायला लागला, म्हणाला तुमच्या घरात मला शूटिंग करायचंय, तुम्ही सगळे त्यात काम करा. मुलाकडून १९०० तोमान उसने घेतले. मग संशय आला, एका साप्ताहिकाचा पत्रकार पोलिसांना घेऊन घरी आला आणि सब्झियानला अटक झाली. बातमी छापून आली, ती किआरोस्तामीने वाचली, तो दुसरा एक सिनेमा करणार होता तो बाजूला ठेवला आणि तडक तुरुंगात त्या माणसाला भेटायला गेला.

तुरुंगातली ती भेट सिनेमात आहे. तुझ्यासाठी मी काय करू शकतो असं किआरोस्तामी विचारतो, आणि सब्झियान सुटकेचं, वकिलाचं काही बोलत नाही. माझ्या दुःखावर सिनेमा करा, म्हणतो.

मग किआरोस्तामीने काय केलं, तर कोर्टात कॅमेरा लावायची परवानगी मिळवली, आणि आधी घडून गेलेलं सगळं त्याच माणसांकडून परत करवून घेतलं. बसमधला प्रसंग, घरातलं बसणं-बोलणं, अटक. सब्झियान सब्झियानच्या भूमिकेत. आहनखाह आईवडील आणि मुलं त्यांच्याच भूमिकेत, त्यांच्याच दिवाणखान्यात. पत्रकार पत्रकाराच्या भूमिकेत. ज्या खोलीत आपण फसवले गेलो त्याच खोलीत बसून फसवले जाण्याचा अभिनय करायचा, आणि समोर फसवणारा माणूस, तोही अभिनय करतोय. विचार केला तरी अंगावर काटा येतो. अटकेचा प्रसंग तर दोनदा येतो, एकदा घराच्या बाहेरून आणि पुढे कितीतरी वेळाने घराच्या आतून.

बाहेरून येतो तेव्हाची एक गोष्ट मी विसरू शकत नाही. पत्रकार आणि पोलीस आत गेलेत. टॅक्सीवाला बाहेर एकटा, वाट बघत. त्याला काही करायचं नाहीये. तो पाचोळ्याच्या ढिगातून टाकून दिलेली फुलं निवडून काढतो, आणि तिथे पडलेला एक रिकामा स्प्रेचा डबा पायाने ढकलतो. तो डबा उतारावरून घरंगळत जातो. कॅमेरा त्या डब्याकडेच बघत राहतो, खडखड आवाज करत तो जातोय, जातोय, आणि आत एका माणसाच्या आयुष्याचं भलतंच काहीतरी होतंय ते आपल्याला दिसत नाही. पहिल्यांदा बघताना मी वैतागले होते की आत काय चाललंय ते दाखव ना. आता मला वाटतं तो डबा म्हणजे सभ्यता आहे. अटक होतानाचा चेहरा पहिल्याच फटक्यात आपल्यासमोर आणून टाकायचा नाही, आधी थोडा वेळ रस्त्यावर उभं राहायचं. मी माझ्या कथेत पहिल्याच वाक्यात खिडकीतून आत शिरले होते.

कोर्टात दोन कॅमेरे होते. किआरोस्तामी सब्झियानला समजावून सांगतो की यातला एक तुझ्या चेहऱ्यावर असेल, जवळून, कोर्टाला पटणार नाही असं काही तुला सांगायचं असेल तर या कॅमेऱ्याला सांग. आणि तो सांगतो. काय सांगतो! म्हणतो, मी मखमलबाफ असायचो तेव्हा त्या घरातले लोक माझं ऐकायचे, मान द्यायचे, आणि बाहेर पडलो की परत तोच मी, पोराला काही घेऊन द्यायलाही पैसे नसलेला. किआरोस्तामीच्याच एका जुन्या सिनेमाचं, १९७४ च्या मुसाफिरचं तो नाव घेतो. त्यात एक पोरगा रिकाम्या कॅमेऱ्याने लोकांचे खोटे फोटो काढून पैसे जमवतो, फुटबॉलची मॅच बघायला तेहरानला जातो आणि मॅचच्या वेळेला झोपून जातो. सब्झियान म्हणतो, तो पोरगा मी आहे. म्हणजे बघा, एका दिग्दर्शकाचा तोतया म्हणून पकडलेला माणूस दुसऱ्या दिग्दर्शकाला सांगतोय की तू मला न भेटता सोळा वर्षांपूर्वीच माझ्यावर सिनेमा काढलास. आपण बिनधास्त म्हणतो की अमक्याच्या आयुष्यावरून कथा सुचली. इथे एक माणूस कथेवरून स्वतःला ओळखतोय, आणि ती ओळख त्याला हवी आहे, त्याला आधार आहे तो.

आता यातला काळा भाग. किआरोस्तामी त्या कोर्टात नुसता बघ्या नाहीये. त्याचा आवाज येतो, तोच प्रश्न विचारतो, न्यायाधीशापेक्षा जास्त विचारतो. न्यायाधीश निघून गेल्यावरसुद्धा शूटिंग बराच वेळ चालू ठेवलं आणि ते तुकडे खटल्यात मिसळले, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलंय. आहनखाह कुटुंब शेवटी माफ करतं. कॅमेरा नसता तर केलं असतं का? मला नाही सांगता येत. आम्हाला आधीच संशय आला होता, असं वडील ठासून सांगतात, आणि ते ऐकताना वाटतं की या माणसाला फसवणुकीपेक्षा मूर्ख दिसण्याची भीती जास्त आहे, आणि तरी तो सगळ्या जगासमोर स्वतःच्याच घरात ते परत करून दाखवतोय. कशासाठी? सिनेमात यायचं म्हणून? जी लालूच सब्झियानने खोटी दाखवली होती तीच किआरोस्तामीने खरी करून दाखवली, त्यांच्या घरात खरंच शूटिंग झालं. हे त्या सिनेमाबद्दल बोलताना लोक हसून सांगतात. मला त्यात हसू येत नाही. कारण सब्झियान गुन्हेगार आणि किआरोस्तामी कलावंत, यातला फरक एवढाच उरतो की एकाकडे खरा कॅमेरा होता.

आणि तरी मी त्या सिनेमाच्या बाजूने आहे. का, ते सांगायला मला त्याच्या पुढच्या सिनेमांकडे जावं लागेल.

१९८७ साली किआरोस्तामीने उत्तर इराणमधल्या कोकेर नावाच्या खेड्यात एक सिनेमा केला होता, मित्राची वही परत करायला निघालेल्या एका शाळकरी पोराचा. गावातलीच मुलं, गावातलीच माणसं. मग २१ जून १९९० ला त्या भागात प्रचंड भूकंप झाला, तीस हजारांहून जास्त माणसं गेली. आपल्याकडे १९९३ चं किल्लारी ज्यांना आठवतंय त्यांना काय ते वेगळं सांगायला नको. किआरोस्तामी ती पोरं जिवंत आहेत का बघायला गाडी घेऊन निघाला. पुढे त्यावर सिनेमा केला, १९९२ मध्ये, एक दिग्दर्शक आपल्या आधीच्या सिनेमातल्या पोरांना शोधायला निघालाय असा.

त्यात एक म्हातारबाबा भेटतात, रुही. आधीच्या सिनेमात काम केलेले. पडझडीतून वाट काढत चाललेले. आणि ते तक्रार करतात. की त्या लोकांनी मला आधीच्या सिनेमात पाठीवर कुबड लावलं, मी आहे त्याच्यापेक्षा म्हातारा दाखवला, मला ते आवडलं नव्हतं. माणसाला आहे त्याच्याहून म्हातारं आणि कुरूप दाखवणं ही कसली कला, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. मग आपल्या घरापाशी येतात आणि म्हणतात, खरं सांगू, हे माझं घर नाहीच, हे सिनेमावाल्यांनी माझं म्हणून ठरवलेलं घर आहे. माझं खरं घर पडलं भूकंपात.

मी तो सीन लागोपाठ तीनदा पाहिला. कुबड! मी मावशीच्या पाठीला कुबड लावलं होतं, आणि रुहीबाबांना निदान पुढच्या सिनेमात उभं राहून ते सांगायला मिळालं. आता हे पण खरं की रुहींची ती तक्रार किआरोस्तामीनेच सिनेमात ठेवलीय, शब्द कदाचित त्यानेच लिहून दिले असतील, म्हणजे तक्रारसुद्धा परत त्याच्याच हातात. कळतंय मला. पण ती ठेवलीय. कापून टाकणं त्याच्या हातात असताना ठेवलीय.

आणि तिसऱ्या सिनेमात, १९९४ च्या, तो अजून पुढे जातो. त्यात दुसऱ्या सिनेमातल्याच एका सीनचं शूटिंग चाललंय. होसैन नावाचा गवंडीकाम करणारा तरुण, त्याला एक वाक्य म्हणायचंय, की भूकंपात आमचे पासष्ट नातेवाईक गेले. तो प्रत्येक टेकला म्हणतो, पंचवीस. दिग्दर्शक म्हणतो पासष्ट म्हण. परत टेक. परत पंचवीस. शेवटी विचारतात का रे बाबा, तर म्हणतो, आमचे पंचवीसच गेले. आणि त्याच्यासमोरची मुलगी, बायकोचं काम करणारी, तिने नवऱ्याला होसैन आगा म्हणायचं असं लिहिलंय, ती नुसतं होसैन म्हणते. कारण हल्लीच्या मुली नवऱ्याला तसं म्हणत नाहीत. टेकवर टेक, पाटी वाजतेय, आणि पटकथा पुढे सरकत नाही कारण दोन साधी माणसं आपल्या आयुष्यातला एक आकडा आणि एक शब्द सोडायला तयार नाहीत.

पंचवीस माणसं गेली हे काय कमी आहे? कथेला पासष्ट कशाला लागतात? हा प्रश्न मी मला विचारला. माझ्या कथेला रोजचा कप कशाला लागला? आणि तो कप मी पाहिला होता का, की मला हवा होता?

आपल्याकडे या बाबतीत मला कायम अभिनेत्री हंसा वाडकरांची आठवण येते. त्यांच्या आत्मकथनाचं नाव सांगत्ये ऐका, शब्दांकन अरुण साधूंचं. हे नाव मुळात त्यांच्याच गाजलेल्या तमाशापटाचं, अनंत मानेंच्या १९५९ च्या. म्हणजे स्वतःचं आयुष्य सांगायला बसल्यावर त्या बाईने नाव घेतलं ते आपल्या एका भूमिकेचं. हंसाबाई १९७१ मध्ये गेल्या. १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्या पुस्तकावरून भूमिका हा सिनेमा केला, स्मिता पाटीलने काय काम केलंय त्यात, मी कितीही वेळा बघू शकते. पण बघताना दर वेळी एक जागा रिकामी वाटते. हंसाबाई असत्या तर कुठल्या सीनला म्हणाल्या असत्या, थांबा, पासष्ट नाही, पंचवीस? त्या आधी गेल्या. मला हा सिनेमा कमी आवडतो असं नाही, पण ही हुरहुर माझी जात नाही.

मराठी वाचक कथा वाचून झाली की पहिलं विचारतो, खरं आहे का हो हे, कोणावर आहे. लेखक लोक यावर चिडतात, मी पण चिडायचे, म्हणायचे कथेला कथा म्हणून वाचा. आता नाही चिडत. आपल्यातल्या कुणाचा तरी खिसा कापला गेलाय का, हे बघायची ती गावाची पद्धत आहे असं मला वाटतं.

तर शेवटी मी मावशीकडे गेले. हे याच वर्षी. मध्ये इतकी वर्षं मी टाळलं, दर दिवाळीला गेले, फुलपात्रातून चहा प्यायले आणि काही बोलले नाही. या वेळी ठरवून गेले. तिला म्हटलं, मावशी, त्या कथेबद्दल मला बोलायचंय. ती पातेल्यात आलं किसत होती. म्हणाली, किती वर्षं झाली त्याला. मी म्हटलं, मी तुला विचारायला हवं होतं. ती म्हणाली, विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का? मग किसणी पातेल्याच्या काठावर आपटून म्हणाली, पण निदान तुला नीट सांगितलं असतं.

काय नीट सांगितलं असतं, मी विचारलं.

ती म्हणाली, अगं तो दुसरा कप तुझा होता.

मला कळेचना. ती सांगत गेली. आईला यायला सात वाजायचे, म्हणून शाळा सुटली की मी मावशीकडे. आईचं सक्त सांगणं, पोरीला चहा द्यायचा नाही, दूध दे. आणि मला चहाच हवा असायचा. तर मावशी दोन कप करायची, आणि माझा खिडकीत वाऱ्याला ठेवायची. निवायला. कारण मी हावरटासारखी एकदा तोंड पोळून घेतलं होतं, जिभेला फोड आला होता आणि आईला सगळं कळायची वेळ आली होती. मग मी हातपाय धुवून परवचा म्हणायची, तोवर तो कप निवायचा, मग ती मला त्यातला थोडा थोडा बशीत ओतून द्यायची. मी बशीतून प्यायचे. म्हणून कप माझा असं मला कधी वाटलंच नसणार. माझ्या लेखी माझी ती बशी. कप खिडकीतला, कोणाचा तरी, न आलेल्या माणसाचा.

आणि सगळा कप मी थोडाच संपवायचे, ती म्हणाली, उरलेला गार झाला की मोरीत.

मी विचारलं, आणि काकांसाठी? ती म्हणाली, ते चहा पीतच नव्हते कधी. त्यांना कॉफी लागायची.

इतकी वर्षं. त्या कपावर लोक रडले. मुंजीत तिला त्यावरून विचारलं. शेजारची सून पाच वाजता येऊन खिडकीकडे बघून गेली. आणि मावशी एकालाही म्हणाली नाही की अहो तो माझ्या भाचीचा चहा होता. मी विचारलं, का नाही सांगितलंस. तर म्हणाली, तुझं खोटं पडलं असतं ना गं.

यावर मी काय बोलणार होते? मी तिच्या घरातली सगळ्यात भरलेली वस्तू उचलून तिचं रिकामपण म्हणून विकली होती, आणि तिने माझी लाज राखायला स्वतःचे कप माळ्यावर टाकले. कथेत मी मुलगा घातला होता. मला कथेतून पूर्ण काढलं होतं. पाच ते सात रोज त्या खोलीत बसलेली मुलगी मी पुसून टाकली आणि मग त्या खोलीत किती एकटेपण आहे त्याचं वर्णन केलं. किआरोस्तामीचा आवाज कोर्टात ऐकू येतो ना, त्याला लोक नाक मुरडतात की दिग्दर्शक मध्ये मध्ये करतो. करू दे. तो खोलीत होता, तर त्याचा आवाज खोलीत आहे.

हा लेख लिहायला घेतला तो तिला सांगून. लिहून झाल्यावर तिच्याकडे गेले आणि मोठ्याने वाचून दाखवला, कारण तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. किआरोस्तामीचा भाग तिने शांतपणे ऐकला. रुहीबाबांच्या कुबडाला म्हणाली, बरोबर बोलले ते. सब्झियानबद्दल मध्येच थांबवून विचारलं, मग पुढे काय झालं त्या माणसाचं? मी सांगितलं, फार काही बरं नाही झालं, सिनेमा जगभर गेला, तो तेहरानमध्येच राहिला, गरीबच राहिला, २००६ मध्ये गेला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्याला नंतर कोणी भेटायला जायचं का?

इथे खरं तर अजून एक परिच्छेद होता, काकांचा. मस्कतच्या पुढे काय झालं ते. मला वाटतं लेखातला तो सगळ्यात चांगला परिच्छेद होता. मावशीने ऐकला आणि म्हणाली, हा काढ. मी काढला.

क्लोज-अपच्या शेवटी सब्झियान सुटून बाहेर येतो आणि खरा मखमलबाफ त्याला घ्यायला उभा असतो. सब्झियान रडतो. मखमलबाफ त्याला विचारतो, तुला मखमलबाफ व्हायला आवडतं की सब्झियान, आणि तो म्हणतो, मला मी असण्याचा कंटाळा आलाय. मग दोघं मोटरसायकलवरून आहनखाहांच्या घरी निघतात, वाटेत फुलांची कुंडी घेतात, आणि नेमका इथे आवाज जातो. माइक बिघडला म्हणतात. खरखर, अर्धे शब्द, मग काहीच नाही. आपल्याला दिसतंय की दोघं बोलतायत, ऐकू येत नाही. तो बिघाड खोटा होता, एडिटिंगमध्ये मुद्दाम केलेला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता, इतक्या खऱ्या क्षणाला पण लबाडी.

परवा मावशीकडून निघताना ती म्हणाली, थांब, आणि स्टूल घेऊन माळ्यावरून पुडकं काढायला लावलं. वर्तमानपत्र पिवळं पडून पार चुरा झालेलं. सहा नव्हते, पाच कप निघाले. मी कथेत पण सहा लिहिलेत आणि या लेखात वर पण सहाच लिहिलेत. एक तूच फोडला होतास, ती म्हणाली, चौथीत असताना.